आर्वी नाक्याचा पास्ता

वर्ध्याला फार चांगलं इटालियन जेवण मिळतं.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. वर्धा म्हटलं की लोकांना सेवाग्राम आठवतं, पवनार आठवतं, रेल्वेने दिल्ली-चेन्नई प्रवास केलेल्यांना रात्री-अपरात्री लागणारं स्टेशन आठवतं आणि आमच्यासारख्या माहेरवाशिणींना गोरस भांडारचा गोरसपाक आठवतो. इटालियन जेवण कोणालाच आठवत नाही. त्यातून आमचा जिल्हा गांधीजींचा, त्यामुळे १९७० च्या दशकापासून दारूबंदी. म्हणजे जेवणाबरोबर वाइनचा पेला वगैरे विसरा, स्टीलच्या ग्लासात माठातलं पाणी मिळेल. पण मी म्हणते ते खरं आहे, आणि हे म्हणायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी समजते.

अधिकार असा की २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षं मी शिकायला बोलोन्याला होते. बोलोन्या म्हणजे इटलीतलं खादाडांचं गाव. तिथले लोक जेवणाबद्दल किती गंभीर असावेत? तर ताल्यातेल्ले नावाच्या पास्त्याची पट्टी शिजल्यावर नेमकी ८ मिलिमीटर रुंद हवी असं ठरवून त्यांनी १९७२ साली सोन्याची एक पट्टी करून तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ठेवून दिली आहे! पुरणपोळीची जाडी ठरवून सोन्याची पोळी जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवल्यासारखंच हे. (कल्पना वाईट नाही. पण मग विदर्भाची जाडी धरायची की पुण्याची, यावरून आंदोलन होईल.)

मी राहायचे त्या गल्लीच्या टोकाला एक त्रात्तोरिया होती. त्रात्तोरिया म्हणजे आपल्याकडची खानावळ. तिकडे पाट्यांवर 'कुचीना कासालिंगा' असं लिहिलेलं असतं, म्हणजे घरगुती स्वयंपाक, आपल्या 'घरगुती जेवण मिळेल' चं अगदी सख्खं भावंडं. सात-आठ टेबलं, त्यावर कपड्याऐवजी कागद अंथरलेला, आणि मेनू म्हणजे मालकीणबाईंच्या हस्ताक्षरातला एक कागद. त्यातले दोन पदार्थ नेहमी संपलेले असायचे. मी शाकाहारी, आणि बोलोन्या हे मांसाचं गाव. पहिल्या दिवशी त्या बाईंना मी तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये मांस नको, मासे नको, कोंबडी नको अशी यादी सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि आजारी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून आत निघून गेल्या. दहा मिनिटांनी खोलगट ताटलीत काहीतरी दाटसर घेऊन आल्या. घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा, त्यात कणकेचे वेडेवाकडे तुकडे शिजवलेले, वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. पास्ता ए फाजोली.

एक घास खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखट नव्हतं, तरी आलं.

रात्री स्काइपवर आईने नेहमीचा प्रश्न विचारला, "आज काय जेवलीस?" मी सगळं वर्णन केलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वरणफळंच की. हिंग घालतात का?" नाही घालत म्हटल्यावर तिचा इटलीमधला रस तिथेच संपला.

पण ती म्हणाली ते अगदी बरोबर होतं. तुरीच्या वरणात कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडून शिजवायचे, वरून लसणाची फोडणी, कच्चं तेल किंवा तूप. डाळ आणि कणिक एका भांड्यात, एका चुलीवर, वेगळी पोळी लाटायला नको आणि वेगळी भाजी करायला नको. दमून आलेल्या बाईचं जेवण ते. इटलीतही पास्ता ए फाजोली गरिबाघरचाच पदार्थ आहे. मांस परवडत नाही त्याची भूक दाण्यांनी भागवायची. पुढे मी तिथे बरंच काही खाल्लं, पण मनात राहिलं ते असलंच साधं. शिळ्या पावाचं सूप, लोणी आणि सेजच्या पानांवर परतलेले तोर्तेल्लोनी, आणि शेवटच्या परीक्षेच्या आदल्या रात्री खाल्लेलं आल्यो ओल्यो ए पेपेरोंचीनो. हे शेवटचं नाव मोठं आहे, पण त्याचा अर्थ 'लसूण, तेल आणि मिरची' एवढाच. हे तिन्ही आमच्या विदर्भातल्या प्रत्येक घरात पहाटेपासून हजर असतं. ते नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सरगुंड्यांबद्दल सांगायला हवं, कारण पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना ते माहीत असतीलच असं नाही. उन्हाळ्यात शेवया, कुरड्या, पापड यांच्या रांगेत आमच्याकडे सरगुंडे होतात. गव्हाचं पीठ घट्ट भिजवायचं, त्याची बारीक लांब वळी करायची आणि ती बारीक काडीभोवती गुंडाळत न्यायची, स्प्रिंगसारखी. मग अलगद काडी काढून घ्यायची आणि सरगुंडे सुकवून डब्यात भरायचे. आंबे आले की उकळत्या पाण्यात शिजवून, निथळून आमरसाबरोबर खायचे. जावई घरी आला की सरगुंडे व्हायलाच हवेत. इटलीच्या दक्षिणेला कालाब्रियात बायका बारीक लोखंडी सळईभोवती कणीक वळून मक्केरोनी करतात. त्याची चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, आमच्या शेजारच्या आजींचे हातच आहेत हे! फक्त बांगड्या नाहीत.

गहूही एकाच जातकुळीचा. १९६७ च्या कायद्याप्रमाणे इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच करावा लागतो. आणि आपल्याकडे शेवया-कुरड्यांना जुन्या बायका आग्रहाने जो बन्सी गहू मागायच्या तो ड्युरमच. कठीण, पिवळसर, शिजल्यावर लगदा न होणारा. आई दुकानदाराशी या गव्हावरून भांडायची. पोळीला लोकवन चालेल पण सरगुंड्यांना बन्सीच, असा तिचा कायदा होता, आणि त्यासाठी तिला रोममधली संसद लागली नाही.

आई २०२१ मध्ये गेली.

त्यानंतरचं घर म्हणजे रामनगरातलं, चार खोल्यांचं, आणि त्यात बाबा एकटे. बाबा निवृत्त शिक्षक, वय ७८. भाऊ बंगळुरूला, मी पुण्याला. दोघांनीही आपापल्या परीने 'आमच्याकडे चला' म्हणून पाहिलं. बाबा बंगळुरूला एकवीस दिवस राहिले आणि माझ्याकडे महिनाभर. दोन्हीकडून परत गेले ते तुळशीला पाणी घालायचंय या कारणाने. तुळस शेजारचे घालत होतेच, पण त्यावर वाद घालता येत नाही. स्वयंपाकाला बाई ठेवली, ती तीन महिने टिकली. बाबांचं वजन उतरत चाललं होतं. फोनवर "जेवलात का?" विचारलं की "हो, झालं" असं उत्तर यायचं. काय झालं ते काही कळायचं नाही.

मग कधीतरी 'हो, झालं' च्या पुढे वाक्यं येऊ लागली. "आज पातळभाजी होती." "आज गोळ्याची कढी केली होती, पण गोळे जरा कडक." आम्ही चक्रावलो. चौकशी केल्यावर कळलं की बाबांनी आर्वी नाक्याजवळच्या एका गल्लीतली खानावळ धरली आहे. महिन्याचे पैसे आधी द्यायचे आणि दोन वेळा जेवायचं. बाकी सगळी गिऱ्हाईकं विशी-पंचविशीची, म्हणजे कॉलेजची पोरं, स्पर्धा परीक्षावाले, खोली घेऊन राहणारे. त्यात आमचे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी वर्ध्याला गेले ती भावाने सोपवलेली कामगिरी घेऊन. या वेळी बाबांना घेऊनच यायचं, तिकिटं तो काढेल. आणि पहिल्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "चल, तुला आमच्या मेसमध्ये जेवायला नेतो." 'आमच्या' हा शब्द मी नोंदवून ठेवला.

खानावळ म्हणजे एका घराची पुढची खोली आणि पत्र्याची शेड टाकलेलं अंगण. सहा टेबलं. भिंतीवर फळा, त्यावर खडूने त्या दिवसाची भाजी. आत काकू आणि त्यांची मुलगी, बाहेर काका वाढायला आणि हिशोबाला. बाबा शिरताच एका पोराने उठून कोपऱ्यातली जागा रिकामी केली, जणू ती राखीवच होती. मी पैसे आधी द्यावेत म्हणून पर्स काढली तर काकू आतून म्हणाल्या, "जेवून घ्या न ताई आधी, पैसे कुठी पळून रायले?"

मी चार दिवस तिथे जेवले. सगळंच उत्तम होतं असं म्हणणार नाही. वांग्याच्या भाजीत तेल जास्त होतं, भात एकदा चिकट झाला होता. पण पातळभाजी! पालक आणि चण्याची डाळ, शिजून एकजीव झालेली पण पालक पालकच राहिलेला, वर लसूण-लाल मिरचीची फोडणी. गोळा भाताला हिंगाचं कडकडीत तेल, तेही कंजुषी न करता. जवसाची चटणी टेबलावर वाटीत ठेवलेली, हवी तितकी घ्या. पोळी संपायच्या आत दुसरी ताटात. नको म्हटलं तर काका ऐकू न आल्यासारखं करतात. बोलोन्याच्या मालकीणबाईंचेही कान याच पद्धतीचे होते.

शनिवारी संध्याकाळी फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: 'पास्ता'.

"हे काय?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "अगं, शनिवारी असतो. चांगला करते ती." ती म्हणजे काकूंची मुलगी. तिने नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केला आहे आणि पोरांच्या मागणीवरून शनिवारी पास्ता सुरू केला आहे. पोरांना पांढऱ्या सॉसचा, भरपूर चीज घातलेला लागतो. बाबांना तो पचेना. मग तिने बाबांसाठी वेगळा करायला घेतला. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर लसूण मंद आचेवर तांबूस करायचा, दोन सुक्या लाल मिरच्या तोडून घालायच्या, शिजलेला पास्ता थोड्या पाण्यासकट त्यात टाकून हलवायचा आणि वर सांबार. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, घाबरू नका.) तिला कोणी शिकवलं? कोणी नाही. "काही नाही ताई, गोळा भाताचंच तेल आहे ते," ती म्हणाली.

लसूण, तेल, मिरची. तिच्यासमोर ते मोठं इटालियन नाव मी उच्चारलं तेव्हा ती खूप हसली आणि मग मोबाइल काढून म्हणाली, "स्पेलिंग सांगा."

खरं सांगते, पास्ता नेमका शिजलेला होता, दाताला किंचित लागणारा. पाकीट इथल्याच किराणा दुकानातलं, नळ्यांचा साधा पेने. पण तेल आणि शिजवलेलं पाणी एकत्र येऊन तो जो पातळ चकचकीत लेप तयार होतो, तो मोठ्या शहरांतल्या महागड्या हॉटेलांनाही दरवेळी जमत नाही. तो तिथे स्टीलच्या ताटात, जवसाच्या चटणीशेजारी होता. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

बाबांनी एक नळी काट्याने नाही, हाताने उचलली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "सरगुंडेच तर आहेत. फक्त तुझ्या आईचे लांब असत."

आई गेल्यापासून बाबा तिच्याबद्दल बोलत नसत. फोटोला हार घालत, तिथी पाळत, पण बोलत नसत. त्या संध्याकाळी बोलले. १९७० च्या दशकात लग्न होऊन ती आर्वीहून आली तेव्हा पेटीत सरगुंड्यांच्या काड्या घेऊन आली होती, मे महिन्यात गच्चीवर कशी बसायची, एकदा वावटळीत सगळे सरगुंडे शेजारच्या अंगणात कसे उडाले. टेबलावरची दोन पोरं मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती. मग बाबांना मास्तरकीची लहर आली. इटलीचा विषय निघालाच होता, तर त्यांनी पोरांना लांझा देल व्हास्तोची गोष्ट सांगितली. हा मूळचा दक्षिण इटलीतल्या पुल्याचा, १९०१ सालचा जन्म. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींकडे आला, त्यांनी त्याचं नाव ठेवलं शांतिदास. परत गेल्यावर त्याने फ्रान्समध्ये आश्रमासारख्या वसाहती उभ्या केल्या.

"तो इथे काय खात असेल सर?" एका पोराने विचारलं. अतिशय योग्य प्रश्न. गांधीजींकडचं जेवण म्हणजे उकडलेल्या भाज्या, कच्चा पाला, कडुनिंबाची चटणी. लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार १९४२ च्या जूनमध्ये आठवडाभर सेवाग्रामला होता, तो त्याच त्या उकडलेल्या भाजीला कंटाळून गेला होता. पण शांतिदास पुल्याचा. तिथे सुकवलेल्या फाव्याच्या दाण्यांचं वरणासारखं गरगट आणि शेजारी उकडलेली कडवट चिकोरी, वर तेलाची धार, हे रोजचं जेवण. मला नाही वाटत त्याचं इथे फार अडलं असेल.

घरी परतताना बाबांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की ऑगस्टमध्ये त्यांना ताप आला होता. रात्री जेवायला गेले नाहीत. साडेआठ वाजून गेले तरी सर आले नाहीत म्हणून खानावळीचे काका सायकल काढून घरी आले, दार वाजवलं, बाबांना उठवताही येईना. मग त्यांनी आणि दोन पोरांनी ऑटोतून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डेंगी निघाला. पाच दिवस ठेवलं होतं. पाचही दिवस डबा खानावळीतून. भावाला आणि मला फोनवर कळवलं नाही, 'उगाच घाबरले असते'. ते पाचही दिवस माझ्याशी फोनवर 'हो, झालं' म्हणाले होते, दवाखान्याच्या खाटेवरून.

मी रस्त्यातच थांबले. रागावू की रडू हे कळेना. दोन्ही थोडं थोडं झालं.

भावाला रात्री फोन केला. त्याचं म्हणणं, म्हणूनच न्यायला हवं. माझं म्हणणं, माझ्या सोसायटीत बाबा रात्री साडेआठला दिसले नाहीत तर कोणाच्या लक्षात येईल? मी ऑफिसमधून नऊला येते. तो गप्प झाला, पण पटलं नाही त्याला. त्याचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. काकू-काकाही साठीकडे झुकलेत, मुलगी नोकरीसाठी नागपूरला गेली तर खानावळ किती दिवस चालेल? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तिकिटं मात्र आम्ही काढली नाहीत. बाबांकडे मोबाइलवर रोज रात्री नऊला मेसेज पाठवायचा करार झाला आणि काकांचा नंबर आम्हा दोघांकडे आला. तेवढंच ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढायला लावला. आत फडक्यात गुंडाळलेल्या आईच्या काड्या होत्या, तेल पिऊन काळ्याभोर आणि गुळगुळीत झालेल्या. त्या त्यांनी काकूंच्या मुलीला नेऊन दिल्या. तिला सरगुंडे खाऊन माहीत होते, करून नाही. बाबांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं गच्चीवर आईच्या शेजारी बसून पेपर वाचला होता, त्यामुळे कृती त्यांना पाठ होती, हात मात्र कधी लावला नव्हता.

एप्रिलमध्ये खानावळीच्या शेडमध्ये वर्ग भरला. मला हे सगळं फोनवर कळत होतं. बन्सी गहू मिळवायला बाबांनी चार दुकानं पालथी घातली. पहिला घाणा उकळत्या पाण्यात टाकल्याबरोबर फुटून त्याची लापशी झाली. ती पोरांनी गूळ घालून खाल्ली. दुसऱ्या वेळी पीठ जास्त घट्ट भिजवलं, सावलीत दोन दिवस सुकवलं, आणि ते टिकले.

मेच्या दुसऱ्या शनिवारी रात्री नऊच्या मेसेजऐवजी फोन आला. फळ्यावर 'सरगुंडे-रस' लिहिलं होतं म्हणे, आणि साडेसातलाच संपले. "कसे झाले होते?" मी विचारलं.

"रस जरा आंबट होता," बाबा म्हणाले. "सरगुंडे बरे होते. अजून लांब यायला हवेत. पुढच्या वेळी सांगतो तिला."